जुन्या ॲम्प्लिफायरचा गळा

ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गणेशोत्सवाच्या मांडवापुरती ती खरीही आहे. वक्ता जे बोलेल तेच मोठे होऊन बाहेर यावे, यंत्राने त्यात पदरचे काही घालू नये, एवढीच तेथील अपेक्षा. इलेक्ट्रिक गिटारचा प्रकार मात्र निराळा आहे. या वाद्याला पोकळ पेटी नसते. नुसते लाकूड, तारा आणि तारांखाली लोहचुंबक. तार छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. सतारीला जो भोपळा, तो या वाद्याला ॲम्प्लिफायर आणि त्यातला स्पीकर. भोपळा बदलला तर सतारीचा आवाज तोच राहील का? जुना गिटार ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना हाच प्रश्न पुढे येतो, आणि तो सोल्डरिंगच्या कामापेक्षा अवघड आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात शिरावे याचे कारण घरगुती आहे. माझे मामा रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करतात. कॉलेज सुटल्यावर हिशेबाच्या वहीसाठी मी दुकानात बसते. गेल्या वर्षी वसईचे एक वयस्क गिटारवादक त्यांच्याकडे फेंडर कंपनीचा 'डीलक्स रिव्हर्ब' घेऊन आले. त्यांचे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते, त्यांनी तो अमेरिकेतून आणला होता. चाळीस वर्षे त्यावर लग्नाच्या पार्ट्या आणि ऑर्केस्ट्रे वाजवून या गृहस्थांनी संसार केला. त्यांची मागणी एकच होती: "नवा करू नका, माझा आवाज परत द्या."

फेंडरचे संस्थापक लिओ फेंडर हे स्वतः रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. गंमत अशी, की जगभरच्या गिटारवादकांना वाद्ये पुरवणाऱ्या या माणसाला गिटार वाजवता येत नसे. जानेवारी १९६५ मध्ये त्यांची कंपनी सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या दुकानाकडे एकवार पाहिले आणि पुन्हा पान्हा उचलला.

प्रथम वय ठरवावे लागते. इतिहासाच्या तासाला सर साधनांची चिकित्सा शिकवतात, ती येथे तशीच लागू पडली. स्पीकरच्या पत्र्यावर ४६५६२१ असा आकडा उमटवलेला होता. अमेरिकन कारखान्यांची ही सांकेतिक पद्धत आहे: पहिले तीन आकडे कारखान्याचे, पुढचा वर्षाचा शेवटचा आकडा, उरलेले दोन आठवड्याचे. ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. ६ म्हणजे १९५६, १९६६ की १९७६? हे मॉडेल १९६३ मध्ये बाजारात आले, म्हणून पहिले वर्ष बाद. साठच्या दशकाच्या अखेरीस समोरची काळी पट्टी जाऊन चंदेरी आली. ही पट्टी काळी, म्हणून तिसरेही बाद. पण स्पीकर मागाहून बसवलेला असला तर? तेव्हा ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पाहिला. ६०६ हा शूमाकर कारखान्याचा क्रमांक, आणि वर्ष पुन्हा ६. दोन स्वतंत्र साधनांची साक्ष जुळली: १९६६.

या यंत्राच्या पोटात नऊ व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धावतात. वाटेतली जाळी त्यांना कमीजास्त अडवते. गिटारकडून आलेला क्षीण विद्युत्‌प्रवाह या जाळीवर सोडला की प्लेटच्या बाजूला त्याची मोठी प्रतिकृती मिळते. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये जन्मला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले, पण गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत. शक्तीबाहेर काम दिले की व्हॉल्व्ह आवाजाची शिखरे एकदम छाटत नाही, ती गोलसर दाबतो. त्यातून मूळ स्वराच्या पटीतले स्वर उमटतात आणि आवाजाला एक जाडसर खरखर येते. मांडवात हा दोष ठरतो, गिटारवर तो अलंकार. आजही स्लोव्हाकियात आणि रशियात नवे व्हॉल्व्ह तयार होतात.

दुरुस्तीत मामांचा नियम असा, की जीव घेईल ते आधी बदलायचे, आवाज देते ते शेवटपर्यंत ठेवायचे. जीव घेणाऱ्या गोष्टी येथे पुष्कळ. वायर दोन पिनांची होती आणि चॅसी एका कपॅसिटरमार्फत विजेच्या तारेला जोडलेली. तो कपॅसिटर फुटला तर गिटारच्या तारांत वीज उतरते. वादकाचे ओठ माइकला लागले की संपले. तो काढून तीन पिनांची, अर्थिंगची वायर बसवली. यंत्र अमेरिकेच्या ११७ व्होल्टचे, आपल्याकडे २३०. म्हणून मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यातून अर्थिंगची तार अखंड पुढे न्यावी लागते. शिवाय तेथील वीज ६० सायकलची, आपली ५० ची, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर येथे जरा अधिक तापतो. स्टेपडाउनने हा फरक मिटत नाही. म्हणून तासभर चालवून ऊब पाहावी.

आणखी एक सावधगिरी अनेकांना ठाऊक नसते. प्लग काढून ठेवला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरांत चारशेहून अधिक व्होल्ट तसेच साठून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते रिकामे केल्याशिवाय आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय मामा आत बोट घालत नाहीत, मला तर पाहायलाही दोन हात लांब उभे करतात. हेच कपॅसिटर अर्ध्या शतकात आतून वाळतात. मग सरळ केलेल्या विजेतली लाट पुरती दाबली जात नाही आणि तिचा १०० सायकलचा गुणगुणाट स्पीकरमधून येत राहतो. ते सगळे बदलले. स्वरांच्या वाटेवरचे निळे कपॅसिटर मात्र मीटरने तपासून, गळत नाहीत असे पाहून जागच्या जागी ठेवले. आवाजाचा काही अंश त्यांच्यातही असतो. प्रथम वीज दिली ती सिरीज बोर्डावरून. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मामा तेव्हा कुठे खाली बसले.

उरला स्पीकर, आणि खरा पेच तोच होता. मीटरवर त्याची कॉइल साडेसहा ओहम दाखवत होती. आठ ओहमच्या स्पीकरला हा आकडा योग्य. पण दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबला की आत कॉइल घासल्याचा आवाज येई, आणि कागद कडेने विरला होता. मामांकडे मांडवाचा बारा इंची स्पीकर होता, तोही आठ ओहमचा. चाचणीपुरता लावला. सौम्य वाजवले तेव्हा ठीक, पण आवाज चढवताच पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे कानात घुसू लागले. गिटारवाले काका हसून म्हणाले, "हा माझा नाही." असे का व्हावे? गिटारचा स्पीकर सुमारे पाच हजार सायकलच्या वरचे स्वर झपाट्याने सोडून देतो. व्हॉल्व्हच्या खरखरीतले टोचरे अंश तेथेच गळून पडतात आणि जाडी तेवढी शिल्लक राहते. मांडवाचा स्पीकर प्रामाणिक असतो, तो सर्व काही ऐकवतो. येथे तो प्रामाणिकपणाच नको असतो.

नवा स्पीकर निवडताना ओहम आधी पाहावेत. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलतेच व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. म्हणूनच फेंडरच्या स्पीकर-जॅकची रचना अशी, की पिन काढताच तो आपोआप शॉर्ट होतो. ट्रान्झिस्टरवर वाढलेल्या मेकॅनिकला हे उलटे वाटते, कारण तेथे शॉर्टचीच भीती.

मग वॉट. हे यंत्र २२ वॉटचे म्हणतात, पण ते स्वच्छ आवाजाचे. ताणून वाजवले की त्याहून बरेच अधिक निघतात. इंग्लंडच्या सेलेशनचा निळा अल्निको स्पीकर फार नावाजलेला, पण त्याची मर्यादा १५ वॉटची. शिवाय अल्निकोत कोबाल्ट असते, म्हणून किंमत मोठी. संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा: तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखे. लहानशा हॉलमध्ये वाजवणाऱ्याला अधिक डेसिबल हे वरदान असेलच असे नाही. व्हॉल्व्ह ताणावा तर समोरची माणसे उठून जातात.

जुन्याच चौकटीत नवा कोन बसवता येतो. पण लोहचुंबक जुने आणि कागद, कॉइल नवी, तर तो गळा कोणाचा? माझे मत असे, की आवाज कोनातच अधिक असतो, त्यामुळे तो मार्ग म्हणजे जुन्या कपड्यातला नवा माणूस. मामांना ते पटले नाही. शेवटी निर्णय काकांनी कानाने केला. मुंबईला एका ओळखीच्या वादकाकडे जाऊन त्यांनी तीन स्पीकर आपल्या गिटारवर ऐकले आणि जेन्सनचा सिरॅमिक चुंबकाचा, ५० वॉटचा सी१२एन पसंत केला. जेन्सन मूळची शिकागोची. आज त्या नावाचे जुन्या धाटणीचे स्पीकर इटलीतील सिका कंपनी बनवते.

पहिल्या दिवशी तो थोडा ताठ वाजला. नवा कागद असाच असतो, कित्येक तास वाजल्यावर सैल होतो. "सत्तर टक्के माझा आहे," काका म्हणाले, "बाकीचा मी वाजवून काढीन." जुना ऑक्सफर्ड त्यांनी टाकू दिला नाही. ४६५६२१ हा आकडा वर दिसेल असा कापडात गुंडाळून तो आमच्या माळ्यावर ठेवला आहे. कोन बसवणारा चांगला कारागीर मिळाला तर पाहू, असे मामा अजून म्हणतात.