कामावरच्या बाईच्या कपड्यांवर बोलायचा हक्क कुणाला? नियम काय, कायदा काय, समजून घ्या

गावात नवी ग्रामसेविका आली, बँकेत नवी मुलगी बसली किंवा आरोग्य केंद्रात नवीन सिस्टर हजर झाली, की आठवडाभरात पारावर एक विषय हमखास निघतो. ती काम कसं करते हा नाही, तर ती घालते काय हा. कुणाला लेगिंग खटकते, कुणाला बिनबाह्यांचा कुर्ता, कुणाला जीन्स. मग कुणीतरी म्हणतं, "सरकारनेच बंदी घातलीय की." दुसरा म्हणतो, "असे कपडे घातल्यावर लोक बोलणारच." या दोन्ही वाक्यांत कितपत तथ्य आहे, ते आज बघू.

सरकारी नियम काय सांगतो?

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, नाहीतर पँटवर कुर्ता किंवा शर्ट घालावा, गरज असेल तर दुपट्टा घ्यावा, असं त्यात होतं. जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, असंही होतं. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी काढली, टी-शर्टवरची तशीच ठेवली. म्हणजे "जीन्सला बंदी आहे" असं आजही छातीठोक सांगणारे जुन्या माहितीवर बोलतात.

शाळांसाठी १५ मार्च २०२४ ला वेगळा शासन निर्णय आला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा आणि शिक्षकांनी शर्ट-पँट, तोही शर्ट खोचून, असं त्यात सांगितलं.

इथे एक गोष्ट नीट बघा. हे नियम पुरुषांनाही आहेत. कार्यालयात स्लीपर घालून यायचं नाही, हे साहेबालाही लागू आहे. पण सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी टाकून, स्लीपर फटकारत ऑफिसात येणाऱ्या माणसावर पारावर चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही.

आणि हे नियम कर्मचाऱ्यांसाठी आहेत. दाखला काढायला किंवा रेशनकार्डाच्या कामाला आलेल्या बाईला ते लागू होत नाहीत.

मग बोलायचं कुणी?

नियम मोडला असेल तर तिच्या वरिष्ठाने सांगायचं, तेही चारचौघांत नाही. खासगी दुकान, पेट्रोल पंप, कंपनी असेल तर मालक गणवेश ठरवू शकतो. पण तो आधी सांगितलेला असावा, कामाला सोयीचा असावा आणि पुरुषांनाही शिस्त तीच असावी. गावातल्या चार माणसांना हा अधिकार नाही. तुमची तक्रार असेल तर ती तिच्या कामाबद्दल करा, तिच्या वरिष्ठाकडे, लेखी करा.

ऑफिसात नीटनेटके कपडे असावेत, असं म्हणणाऱ्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. लोकांसमोर बसायचं तर पोशाख साजेसा हवा, हे बऱ्याच बायकाही म्हणतात. पण साजेसा म्हणजे काय, हे काम बघून ठरतं.

आपल्याच शेतात बघा. भात लावताना आपल्या आया-आज्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभ्या राहिल्या. कापूस वेचताना बायका साडीवर घरधन्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. त्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही, कारण कामाची गरज सगळ्यांना दिसत होती. उलट मळणी यंत्रावर, कडबाकुट्टीवर पदर नाहीतर ओढणी सुटी असली तर जिवावर बेततं. तिथे अंगाबरोबरचे कपडे हीच मर्यादा. कारखाने कायदा १९४८ मध्ये चालत्या यंत्राला तेल घालणाऱ्या, तपासणी करणाऱ्या कामगाराने घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने द्यावेत, असं लिहून ठेवलं होतं. मग स्कूटीवर चार वाड्या फिरणाऱ्या सिस्टरने साडीच नेसावी, हा हट्ट कशासाठी?

"कपडेच तसे होते" हे चालतं का?

नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चा आहे. नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्र दाखवणं हे सगळं त्यात येतं. तिने काय घातलं होतं, यावरून सूट मिळेल असं त्यात कुठेही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार नुसत्या लैंगिक शेरेबाजीलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

केरळमधलं उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना तक्रारदार बाईच्या कपड्यांवर टिप्पणी केली होती. देशभर ओरड झाली. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने ती टिप्पणी काढून टाकली. बाईचे कपडे हा तिच्याशी गैरवर्तन करायचा परवाना होत नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

फरक ध्यानात ठेवा. "मॅडम, ऑफिसात टी-शर्ट चालत नाही" हे वरिष्ठाने सांगणं म्हणजे शिस्त. "आज फारच फिट्ट घातलंय" हा शेरा म्हणजे छळ.

तक्रार कुठे करायची?

• दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती नेमणं मालकाला बंधनकारक आहे. अध्यक्ष बाईच असते आणि निम्म्या तरी सदस्य बायका असाव्या लागतात. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

• दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या आणि असंघटित क्षेत्रातल्या बायकांनाही हा मार्ग खुला आहे. तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी असावा आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवावी, असं कायदा सांगतो. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा.

• तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

• तातडीची मदत हवी असेल तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१.

घरच्यांसाठी दोन शब्द

आपल्याच लेकी-सुना आता तालुक्याला मेडिकलमध्ये, पतसंस्थेत, कापडाच्या दुकानात कामाला जातात. तिथे कुणी वेडंवाकडं बोललं तर बऱ्याच जणी घरी सांगत नाहीत. कारण घरून पहिला प्रश्न येतो, "तू काय घातलं होतंस?" आणि दुसरं वाक्य येतं, "उद्यापासून जाऊ नकोस." बोलणारा मोकळा राहतो आणि पोरीची नोकरी जाते. तिचा पगार जातो, पुढच्या पोरीची वाटही बंद होते.

म्हणून पोरीने काही सांगितलं तर आधी ऐकून घ्या. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कुणी ऐकलं, हे तिच्याकडून लिहून ठेवा. मोबाइलवर मेसेज आले असतील तर ते पुसू देऊ नका. आणि तीन महिन्यांची मुदत हातची जाऊ देऊ नका.