लोहगाव ते हिर्डोशी : विमानातून उतरल्यानंतरची वाट

'विमान पुण्यात उतरले' असा निरोप येताच घरची वडीलधारी माणसे वाटेकडे डोळे लावून बसतात. परंतु भोर तालुक्यातील हिर्डोशीकडे येणाऱ्याचा कसोटीचा प्रवास तेथूनच सुरू होतो. लोहगाव विमानतळावरून शहराच्या मध्यभागी आणि तेथून गावाकडे कसे यावे, हे नवख्या प्रवाशांसाठी आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी विमाने त्याच्याच धावपट्टीचा उपयोग करतात. जुलै २०२४ पासून येथील नवे टर्मिनल वापरात आले आहे. मोबाईलवरून मागविलेली टॅक्सी एरोमॉल या बहुमजली वाहनतळावर मिळते. नव्या टर्मिनलपासून तेथवर काही अंतर जावे लागते, हे सामान अधिक असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सामान बेताचे असेल तर मेट्रोचा मार्ग आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो, कारण नगर रस्त्यावरील गर्दीत टॅक्सीला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही. रिक्षाने रामवाडी स्थानक गाठावे. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेले हे स्थानक वनाज मार्गाचे टोक आहे. तिकीट थेट स्वारगेटचे घ्यावे व जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी. तेथे पहिली गाडी उन्नत मार्गावर थांबते, तर स्वारगेटची गाडी सुमारे ३३ मीटर खोल भुयारातून सुटते. सरकते जिने व उद्वाहन असले तरी वृद्धांना सोबत घेऊन घाई करू नये. हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत खुला झाला.

स्वारगेटला दोन बसस्थानके आहेत. शहर बसचे स्थानक वेगळे आणि एस. टी. चे वेगळे. भोरची गाडी एस. टी. स्थानकातून सुटते. सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जाऊन ती भोरकडे वळते. हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. त निम्मे भाडे पडते.

भोरपासून महाड रस्त्याने, नीरा-देवघर जलाशयाच्या कडेने, हिर्डस मावळातून हिर्डोशी गाठता येते. या टप्प्यावर गाड्या थोड्या आहेत. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, हिशेब उलट बाजूने करावा. भोरहून हिर्डोशीकडे जाणारी शेवटची गाडी कोणत्या वेळी सुटते हे घरच्यांकडून आधी विचारून घ्यावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. स्वस्त मिळाले म्हणून सायंकाळचे विमान घेतले, तर वाचलेले पैसे भोरहून खासगी वाहनाला द्यावे लागतात किंवा रात्र पुण्यात काढावी लागते. घरी कोणी आजारी असेल, तर ही एक रात्र फार मोठी ठरते.

पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वरंधा घाट बंद ठेवला जातो. हिर्डोशी भोरच्या बाजूने घाटाच्या अलीकडे आहे. तेव्हा बंदीची बातमी ऐकून निराश न होता रस्ता नेमका कोठपासून बंद आहे, याची चौकशी करावी.

निघण्यापूर्वी घरी केलेला एक फोन प्रवाशाचे श्रम वाचवतो आणि वाट पाहणाऱ्यांचा जीवही निश्चिंत ठेवतो.