धामणीचें धनुष्य व त्याची मोडतोड

परतवाड्याचें नांव निघालें कीं सागाचे ओंडके व आरागिरण्या डोळ्यांपुढें येतात. परंतु साग टिकाऊ खरा, तरी ठिसूळ. धनुष्याच्या कामीं तो फारसा येत नाहीं. त्यासाठीं मेळघाटांतील धामण व भरीव वेळू हींच खरीं. धामणीचा चिवटपणा शेतकरी बंधूंस सांगावयास नको. कावडीस व कुऱ्हाडीच्या दांड्यास ती आपण वापरीत आलों आहों.

हल्लीं खेड्यांतील मुलांस तिरंदाजीचा नाद लागला आहे. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकलेले सातारा जिल्ह्यांतील प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळले, व २०२३ सालीं बर्लिन येथें नागपूरचे ओजस देवतळे जगज्जेते ठरले. तिकडील धनुष्यें मात्र फार महाग. म्हणून आरंभीं घरीं केलेलें धनुष्य बरें, असें आमचें मत आहे.

लांकूड आणण्यापूर्वीं कायदा पाहावा. जंगलाबाहेर वाढलेला वेळू २०१७ च्या दुरुस्तीनें वन कायद्यांतील 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे. तेव्हां धुऱ्यावरील वेळू तोडण्यास आतां पूर्वीची अडचण नाहीं. धामण स्वतःच्या शेतांतील असली तरी चौकशी करावी. राखीव जंगलांतून काडीहि आणूं नये. आधीं दप्तर, मग कुऱ्हाड, हा क्रम आम्हांस नोकरीनेंच शिकविला. शिकारीचा विचारहि नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो मार्ग बंद केला आहे.

वेळू तीन वर्षांचा, हिंवाळ्यांत तोडलेला घ्यावा. कोवळ्यास भुंगेरे लवकर लागतात. लांकूड सावलींत हळूहळू वाळवावें. ओलें धनुष्य वांकलेलेंच राहतें, आणि भर उन्हांत घाईनें वाळविलेलें चिरतें. लांबी ओढणाऱ्याच्या उंचीइतकी, म्हणजे ओढीच्या दुपटीहून कांहींशी अधिक ठेवावी.

आतां मोडीविषयीं. धनुष्य ताणलें म्हणजे निशाणाकडील पाठ ताणली जाते व आपल्याकडील पोट दाबलें जातें. पाठीवरील तंतु कोठें तुटले असतील तर तेथूनच छिलपी उठते. म्हणून लांकूड सरळ फाडून घ्यावें, करवतीनें तिरकें कापूं नये; वेळूची पाठ तर तासूंच नये. तासणें तें पोटाकडून, आणि वाकसापेक्षां कानशीनें. थोडें तासावें, दोरी चढवून थोडें ओढावें, दुरून पाहावें. जेथें बांक एकाच जागीं कोपरासारखा पडेल, ती जागा सोडून बाकीची बाजू पातळ करावी. बहुतेक नवशिके उलट करितात व पातळ जागा आणखी पातळ करून पहिल्याच आठवड्यांत दोन तुकडे हातीं घेऊन बसतात! बाण न लावतां दोरी सोडणें हेंहि मोडीचें मोठें कारण. बाणास जावयाचें बळ मग धनुष्यासच सोसावें लागतें.

वऱ्हाडच्या वैशाखांत लांकूड अतिशय कोरडें होतें. त्या दिवसांत ओढ कमी ठेवावी व मुलाच्या समोर कोणी उभें राहूं देऊं नये. मोडलेला तुकडा चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यास धोका असतो. लहानशी छिलपी उठली तर सरस भरून सुताचे घट्ट वेढे द्यावेत. पोटावर आडव्या बारीक रेषा दिसूं लागल्या, किंवा आडवी चीर गेली, तर मात्र लोभ धरूं नये. तें धनुष्य ओढूं नये.

काम संपतांच दोरी उतरवावी व धनुष्य आडवें ठेवावें. चुलीजवळ किंवा पत्र्याखालीं नको. मोडलेल्या धामणीचे तुकडे टाकूं नयेत. खुरप्यास त्यांच्या मुठी उत्तम होतात.