काल गोळी राहिली, आज दोन घेऊ का?

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स या विकारांत गोळी रोज घ्यावी लागते. लग्नकार्य, एस.टी.चा प्रवास, उपवास, पाहुणेरावळे, काहीतरी निमित्त होते आणि एखाद्या दिवशी ती राहते. मग दुसऱ्या दिवशी रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आज दोन घेतल्या तर चालेल ना?" याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच आहे. औषध म्हणजे किराणा दुकानाची उधारी नव्हे, की कालचे आज चुकते केले.

माझ्या एक रुग्ण बाई मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत. एकादशीच्या आदल्या दिवशी गोळी राहिली म्हणून एकादशीला त्यांनी दोन घेतल्या, पोटात मात्र चहाशिवाय काही नाही. दुपारी दरदरून घाम, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध. साखर फार खाली गेली होती. घरच्यांनी वेळीच आणले म्हणून निभावले.

साधा नियम असा. दिवसातून एकदा घ्यायची गोळी सकाळची राहिली आणि संध्याकाळपर्यंत आठवली, तर तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर कालची सोडून द्यावी आणि आजची एकच नेहमीच्या वेळी घ्यावी. सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी दुपारी बारा-एकपर्यंत आठवली तर घ्यावी. चार-पाच वाजले असतील, तर थेट रात्रीचीच घ्यावी.

एका दिवसाने बिघडते किती? अम्लोडिपिन शरीरात बराच काळ टिकते, थायरॉइडची गोळी तर कित्येक दिवस. तेव्हा एक चुकली म्हणून घाबरून जाऊ नये. पण लागोपाठ चुकवू नये. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम बंद केल्यास हृदयरुग्णाच्या छातीत दुखू लागते, प्रसंगी झटकाही येतो.

काही औषधांच्या बाबतीत जास्त जपावे :

• मधुमेह : जेवणासोबतची गोळी जेवण टळून गेल्यावर उपाशीपोटी घेऊ नये. इन्सुलिन राहिले तर मनाने डोस न वाढवता साखर तपासून डॉक्टरांना विचारावे.

• लघवी वाढवणारी गोळी : संध्याकाळी आठवली तर सोडून द्यावी, नाहीतर रात्रभर उठावे लागते.

• फिट्स : गोळी चुकणे हे फिट येण्याचे फार मोठे कारण आहे. आठवताच घ्यावी, मात्र पुढच्या डोसची वेळ झाली असेल तर दोन एकदम नकोत. त्या दिवशी विहीर, चूल व दुचाकी यांपासून लांब राहावे.

• रक्त पातळ करणारी गोळी : दुप्पट घेतल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. चुकल्याची तारीख लिहून ठेवावी व डॉक्टरांना सांगावी.

• क्षयरोग : सरकारी उपचारात पूर्वी गोळ्या आठवड्यातून तीन दिवस असत, २०१७ पासून देशभर रोज देण्यात येऊ लागल्या. वारंवार खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. चुकल्यास आरोग्य केंद्रात लगेच कळवावे.

अपवाद माला-एन, माला-डी या पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा. संप्रेरकाची एक गोळी राहिली तर आठवताच घ्यावी आणि त्या दिवसाचीही वेळेवर घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा अधिक राहिल्या तर पुढे सात दिवस निरोधही वापरावा व सल्ला घ्यावा.

गोळी घेतली की नाही, हेच आठवत नसेल तर रक्तदाब-मधुमेहाची गोळी पुन्हा घेऊ नये. गोळी घेताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी, म्हणजे हा घोळच होत नाही. पाकिटातल्या पाच-सहा गोळ्या उरल्या, की नवे आणावे. प्रवासाच्या पिशवीत दोन दिवसांच्या जादा गोळ्या असाव्यात.

आणि गोळ्या पैशाअभावी किंवा त्रास होतो म्हणून राहत असतील, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. स्वस्त गोळी लिहून देता येते, वेळ बदलता येते. लपवले, तर डॉक्टर औषध लागू पडत नाही असे समजून डोस वाढवतो आणि तो तुम्हालाच भोवतो.