कळ थांबली, पण खडा गेला का?

लेखमाला : ओळख किडनीची • लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण घाटाखालच्या खारपाणपट्ट्याविषयी वाचले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत किडनी म्हटले की लोकांना आधी डायलिसिस आठवते. पण किडनी निकामी होण्याचे एक कारण असे आहे, की ते वेळीच कळले तर दूर करता येते. ते म्हणजे लघवीच्या वाटेत अडकलेला मुतखडा.

किडनीचे औषधोपचार आणि डायलिसिस नेफ्रॉलॉजिस्ट पाहतात. किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि प्रोस्टेट यांच्या शस्त्रक्रिया करतात ते युरोलॉजिस्ट. एमएस झाल्यावर आणखी ३ वर्षे एमसीएच करून ते युरोलॉजी विभागात येतात.

कुशीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाची तिथे लघवी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी तपासतात. गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात. खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो बहुधा आपोआप पडतो. १० मिलिमीटरच्या पुढचा खडा क्वचितच पडतो.

खरा घात होतो तो कळ थांबल्यावर. खडा अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी फुगते आणि त्या ताणाने कळ येते. काही दिवसांनी त्या किडनीचा रक्तपुरवठा घटतो, लघवी कमी तयार होते, ताण उतरतो आणि दुखणे शमते. काढा लागू पडला असे वाटून रुग्ण पुन्हा शेताच्या कामाला लागतो. खडा मात्र जागचा हललेला नसतो. आठवड्यांमागून आठवडे गेले की ती किडनी कायमची दुबळी होते. दुसरी किडनी भार उचलत असल्याने क्रिएटिनिनही नॉर्मल दिसू शकते. म्हणून कळ गेली तरी खडा पडल्याची खात्री सोनोग्राफीने करून घ्यायलाच हवी.

कळीसोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नये. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात पसरून जिवावर बेततो. अशा वेळी डॉक्टर आधी आतून स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवीला वाट देतात. खडा नंतर काढतात.

खडा काढण्यासाठी आता पोट फाडण्याची वेळ क्वचितच येते. १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन रुग्णाचा खडा फोडला गेला. मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण नेऊन लेझरने फोडतात. किडनीतला २ सेंटीमीटरहून मोठा खडा पाठीला छोटे छिद्र पाडून काढतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे.

ऑपरेशननंतर अनेकदा आत डीजे स्टेंट ठेवतात. तो दिलेल्या तारखेला काढावाच लागतो. त्रास नाही म्हणून राहू दिला, तर त्याच्यावरच खडे धरतात आणि किडनी पुन्हा तुंबते. ही तारीख रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाने लक्षात ठेवावी.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी जास्त पाणी लागते. मीठ कमी करावे. दूध मात्र स्वतःहून बंद करू नये. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा डायलिसिस सुरू आहे, त्यांनी पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. घरात दोन्ही प्रकारचे रुग्ण असतील तर एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करू नये.

वेदनाशामक गोळी कळ थांबवते, खडा हलवत नाही. त्या गोळ्यांचा किडनीवर काय परिणाम होतो, ते पुढच्या लेखांकात पाहू.