पाणी कशाने बाटते?

माझ्या आईच्या माहेरी विहिरीचा रहाट आमच्यासाठी नव्हता. वरून कुणी ओंजळभर दया दाखवली की कळशी भरायची. आमच्या हाताने पाणी बाटते, असा निवाडा होता. घरातला पहिला पदवीधर होऊन मी महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा पाणी खरोखर कशाने बाटते हे शोधणे मला माझे कामच वाटले.

मसुऱ्याजवळ गड नदी कालावलच्या खाडीत उतरते. अशा खाडीकाठी भरतीबरोबर नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, पिशव्या, बाटल्या लागतात. ऊन आणि वाळू त्यांचा भुगा करतात. पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. त्यातले अगदी बारीक कण पावसाच्या पाण्याबरोबर वाळूतून, जांभ्याच्या भोकांतून भूजलात उतरू शकतात. उघड्या विहिरीत ते वरूनही पडतात.

नवे प्लॅस्टिक गुळगुळीत असते. धातू त्याला फारसा चिकटत नाही. उन्हाने जुने झाले की त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यावर ऋण विद्युतभार येतो, जंतूंचा आणि लोहगंजाचा थर बसतो. शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित कण तिथे चिकटतात. हे धातू फेकलेल्या बॅटऱ्या, जुने रंग, होड्यांच्या बुडाचा रंग यांतून येतात. काही प्लॅस्टिकमध्येच मिसळलेले असतात. पीव्हीसी नळांतल्या शिशावर केंद्र सरकारने 2021 साली नियम केले, ते याचसाठी.

जांभ्यातले लोहही धातू धरते. पण जांभा जागेवर राहतो. कण धातू घेऊन चालू लागतो.

मे महिन्यात उपसा वाढतो, गोडे पाणी खाली जाते आणि खारे आत सरकते. मग मिठातले सोडियम, मॅग्नेशियम कणांवरची जागा बळकावतात, क्लोराइड कॅडमियमला पाण्यात ओढते. धरलेला धातू सुटतो. म्हणजे पाणी मचूळ लागू लागते तेव्हा प्रश्न केवळ चवीचा नसतो.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटते आणि धातू तेवढाच उरतो. शिसे मुलांच्या मेंदूला आणि कॅडमियम मूत्रपिंडाला बाधते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटरात शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमहून अधिक नसावे. एवढे अल्प प्रमाण डोळ्यांना, जिभेला कळत नाही.

ज्यांच्या वाट्याला गावाच्या कडेची, खाडीलगतची, कचऱ्याशेजारची जमीन आली, त्यांच्या विहिरीला हा धोका आधी. जुना विटाळ खोटा होता, पण त्याने आखलेली वस्ती खरी आहे.

20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. आज त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क बजावला पाहिजे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत लेखी मागणी करावी: आमच्या वाडीच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा तपासा, शिसे व कॅडमियम वेगळे मोजा, आकडे विहिरीवर लावा.