निवड आपली, मांडणी कुणाची?

मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका संकेतस्थळावर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली होती. १४,३४१ जणांनी ती ऐकली आणि आवडतील ती डाउनलोड केली. काहींना गाण्यांची फक्त नावे दिसत. बाकीच्यांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केली होती, आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी डाउनलोड केले हा आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच, ऐकणारे सारख्याच प्रकारचे, सगळ्या गटांची सुरुवात शून्यापासून. तरी प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर चढली. ‘५२ मेट्रो’ या बँडचे ‘लॉकडाउन’ हे गाणे आकडे न पाहता निवडणाऱ्यांच्या पसंतीत २६ वे होते. एका गटात ते पहिले आले, दुसऱ्या गटात चाळिसावे. सर्वांत सरस गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत सुमार गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, पण मधल्यांचे काहीही होऊ शकत होते. गाणी विस्कळीत न ठेवता डाउनलोडच्या उतरत्या क्रमाने एकाखाली एक लावली, तेव्हा लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांमधले अंतर आणखी वाढले.

इथे कुणी कुणावर सक्ती केली नव्हती. प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकले आणि स्वतःच्या मर्जीने निवडले, तरी निकालाचा मोठा भाग मांडणीने ठरवला. आज ही मांडणी करण्याचे काम शिफारस करणाऱ्या संगणकीय यंत्रणांकडे गेले आहे. प्रेक्षक जेवढे तास पाहतात त्यांपैकी सुमारे ८० टक्के शिफारशींतून येतात आणि नाव शोधून पाहिलेले उरलेले २० टक्के, असे नेटफ्लिक्सच्या अधिकाऱ्यांनीच २०१५ मध्ये एका शोधनिबंधात लिहिले. यूट्यूबवरचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे पाहिला जातो, असे त्या कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. अल्गोरिदम आपल्या डोक्यात शिरून आपली मते फिरवतो, अशी भीती वारंवार व्यक्त होते. मला खरा प्रश्न त्याच्या थोडा अलीकडे दिसतो. या यंत्रणांची मोठी सत्ता आपल्या नजरेसमोर काय यावे आणि कोणत्या क्रमाने यावे हे ठरवण्यात आहे. म्हणून जाब विचारायचा तो त्या क्रमाचा.

यंत्रणेचे मूळ तत्त्व अवघड नाही. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपली पद्धत मांडली, तिचा गाभा असा: कोणत्या दोन वस्तू एकाच ग्राहकाने घेतल्या, याचा तक्ता आधीच तयार ठेवायचा आणि पहिली वस्तू घेणाऱ्याला दुसरी दाखवायची. पुस्तकात काय लिहिले आहे, हे यंत्राला कळावे लागत नाही. ते कुणी-कुणी घेतले एवढे पुरते. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने आपले भाकीत १० टक्क्यांनी अधिक अचूक करून देणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि २००९ मध्ये ते दिले. तेव्हा प्रश्न होता, हा चित्रपट पाहून प्रेक्षक पाचपैकी किती तारे देईल? पुढे प्रश्नच बदलला. यूट्यूबने २०१२ मध्ये किती क्लिक मिळाले यापेक्षा किती वेळ पाहिले गेले याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये यूट्यूबच्या अभियंत्यांनी वर्णन केलेली यंत्रणा दोन टप्प्यांत चाले: लाखो व्हिडिओंतून आधी काहीशे निवडायचे, मग प्रत्येक व्हिडिओ किती वेळ पाहिला जाईल याचा अंदाज घेऊन त्यांची क्रमवारी लावायची. ‘तुम्हाला काय आवडेल?’ आणि ‘तुम्ही किती वेळ थांबाल?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचे म्हणून आपल्यापुढे येते, तेव्हा आपल्या आवडीचा आणि कंपनीच्या गरजेचा हिशेब एकाच खात्यात लिहिला जातो.

क्रमाची ताकद नेमकी कुठे चालते, याचा पुरावा एक्सपीडिया या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीच्या माहितीतून मिळतो. तिने काही ग्राहकांना हॉटेलांची यादी नेहमीच्या क्रमाने न दाखवता वाटेल त्या क्रमाने दाखवली होती. रालुका उर्सू या संशोधिकेने २०१८ मध्ये त्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या जागेवरचे हॉटेल जास्त जण उघडून पाहत. मात्र एकदा उघडल्यावर ते आरक्षित करायचे की नाही, यावर जागेचा परिणाम दिसला नाही. म्हणजे ग्राहक भोळा नाही. समोर आले ते तो पारखून घेतो, पण जे खाली राहिले ते त्याच्या पारखीपर्यंत पोहोचतच नाही. काही वेळा पारखही ढळते. गाण्यांवर केलेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात शिफारशीचे तारे मुद्दाम वाटेल तसे दिले होते; गाण्याचा नमुना ऐकल्यानंतरही ज्याला जास्त तारे त्याच्यासाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले. आता हीच खरेदी, हेच तारे, हेच क्लिक यंत्रणेकडे ‘ग्राहकाची आवड’ म्हणून परत जातात आणि उद्याची यादी त्यांवरून बनते. यंत्रणेने जे दाखवले त्यातूनच आपण निवडले, ही गोष्ट त्या नोंदीत राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की लोकांना हवे होते तेच त्यांनी घेतले, शिफारशीने फक्त वाट जवळची केली. या आक्षेपात तथ्य आहे. अ‍ॅमेझॉनवरच्या शिफारशींचा २०१५ मधला एक अभ्यास सांगतो, की शिफारशींवर पडणाऱ्या क्लिकपैकी किमान ७५ टक्के क्लिक त्या नसत्या तरी बहुधा झालेच असते. तेव्हा कंपन्या आपल्या यंत्रणेचे श्रेय म्हणून जे आकडे सांगतात, ते सगळे तिच्या प्रभावाचे मोजमाप मानू नयेत. पण हा निष्कर्ष दुकानाचा आहे, जिथे माणूस काहीतरी घ्यायचे ठरवून आलेला असतो. रील पाहायला बसलेला माणूस काही ठरवून आलेला नसतो. तिथे ‘एरवी त्याने काय पाहिले असते’ या प्रश्नाला ठाम उत्तरच नाही, आणि जिथे आधीचा हेतू कच्चा तिथे मांडणीचे वजन वाढते.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. लाखो वस्तूंच्या ढिगात शिफारशीशिवाय माणूस गोंधळून जाईल, आणि छोट्या, विसरलेल्या कलाकृतींना वर येण्याची संधीही याच यंत्रणा देतात. जो सिम्प्सन या गिर्यारोहकाचे १९८८ चे ‘टचिंग द व्हॉइड’ हे पुस्तक मागे पडले होते. १९९७ मध्ये जॉन क्राकावरचे एव्हरेस्टवरचे पुस्तक गाजले, तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या शिफारशींनी वाचकांना या जुन्या पुस्तकाकडे नेले आणि त्याला दुसरा जन्म मिळाला. हा उपकार खराच आहे. मात्र डॅनियल फ्लेडर आणि कार्तिक होसनागर यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येकाला स्वतःपुरते नवे काही सापडत असतानाच सगळ्यांना तेच-तेच नवे सापडू शकते. विक्रीच्या नोंदींवर चालणारी शिफारस ज्याच्या नोंदी भरपूर त्याच्याकडे झुकते. मराठी वाचक-प्रेक्षकांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्या पुस्तकाला किंवा चित्रपटाला मुळात पाहणारे थोडे, त्याच्याविषयी यंत्रणेकडे पुरावा थोडा. पुरावा थोडा म्हणून ते कमी दिसणार, आणि कमी दिसले म्हणून पुरावा थोडाच राहणार. अशा कृतीला गुण कमी पडतात असे नव्हे, तिला पहिले काही प्रेक्षक मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप भीती अवाजवी असल्याचा. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने अल्गोरिदमऐवजी फक्त वेळेच्या क्रमाने मजकूर दाखवला गेला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या राजकीय मतांत लक्षणीय फरक पडला नाही. हा पुरावा गंभीरपणे घ्यायला हवा, आणि मी तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात धरत नाही. कारण त्याच प्रयोगात त्या लोकांचा तिथला वेळ बराच घटला, आणि समोर येणाऱ्या मजकुराचे स्वरूपही बदलले; राजकीय आणि अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर उलट वाढला. क्रम बदलला की मत लगेच बदलत नाही, पण वेळ कुठे जातो आणि नजरेस काय पडते हे बदलते. हेही लक्षात येते, की अल्गोरिदम काढून टाकला म्हणजे सगळे शुद्ध झाले असे होत नाही. कुठलाच क्रम तटस्थ नसतो. कोपऱ्यावरचा दुकानदारही फायद्याचा माल डोळ्यांसमोर मांडतो हे खरे, पण त्याचे फळकूट सगळ्यांना सारखेच दिसते आणि त्याचा हेतू गिऱ्हाइकाला ठाऊक असतो. इथे प्रत्येकाची यादी निराळी असल्यामुळे शेजाऱ्याला काय दिसले, आपल्याला काय दिसले नाही, हे ताडून पाहण्याची सोयच उरत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अतिविशाल मंचांवर दोन बंधने घातली आहेत: शिफारशीचे मुख्य निकष सांगायचे, आणि व्यक्तीच्या सवयींवर न बेतलेला किमान एक पर्याय द्यायचा. आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन बाजारपेठांनी वस्तूंच्या आणि विक्रेत्यांच्या क्रमवारीचे मुख्य निकष आणि त्यांचे सापेक्ष महत्त्व सोप्या, समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक आहे. हा नियम कागदावर चांगला आहे. तो ग्राहकाच्या हातात पडायला हवा. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला समजेल अशी भाषा म्हणजे मराठी, आणि ग्राहक संघटनांनी ती आग्रहाने मागावी. बातम्या, व्हिडिओ आणि संगीत दाखवणाऱ्या मंचांनाही असाच नियम लागू व्हायला हवा, कारण तिथे पैशाइतकाच आपला वेळ खर्ची पडतो. आपल्या हातात आज एवढे नक्की आहे, की जे हवे त्याचे नाव टाकून ते शोधायचे, पाहण्याच्या इतिहासाची नोंद बंद करण्याची सोय असेल तिथे ती वापरायची, आणि आवडलेल्या पुस्तकाविषयी माणसांनी माणसांना सांगायचे. पण एकेकट्याच्या सावधपणावर हा प्रश्न सोपवून चालणार नाही. कोट्यवधी लोकांसमोर काय यावे हे ज्यांच्या यादीवर ठरते, त्यांनी ती यादी कशी लावली हे सांगितलेच पाहिजे.